तलावाची घोषणा वाचनालयात

"खोल पाण्यात असलेल्यांनी ताबडतोब काठाला यावं. पुन्हा सांगते, ताबडतोब काठाला यावं."

ही घोषणा झाली तेव्हा आम्ही सगळे वाचनालयात बसलो होतो. खिडकीजवळ बसणारे निवृत्त स्टेशनमास्तर भिंगातून अग्रलेख वाचत होते. त्यांनी अग्रलेखावरची नजर न हलवता दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. कोपऱ्यात पेंगणारे एक गृहस्थ दचकून उठले आणि छत्री शोधू लागले. ग्रंथपालांनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलताना दिसत होतेच.

आमची इमारत अशी की खाली पोहण्याचा तलाव आणि वर वाचनालय. मधल्या जिन्यापाशी काचेची एक खोली आहे, तिथून दोन्हीकडच्या घोषणा होतात. वर पाण्याची घोषणा ऐकू आली, तर खाली काय ऐकू आलं ते नंतर कळलं. "कृपया पानं दुमडू नयेत, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर जागेवर ठेवावं." पाठीवर तरंगणाऱ्या एका माणसाने म्हणे तिथूनच ओरडून विचारलं, "मासिकं भिजवली तर चालतील का?"

सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त व्यवस्थापक. ते काचेच्या खोलीत गेले आणि घोषणा करणाऱ्या बाईंना म्हणाले, "आज नुसती सफाईसाठी माणसं बाहेर काढायची होती, म्हणून निभावलं. उद्या पाण्यात कुणाच्या पायात गोळा आला आणि तुम्ही इथे वरच्यांना काठाला बोलावलंत, तर? पोहण्याच्या मास्तरांची शिट्टी किती ठिकाणी पुरी पडणार?"

"साहेब, मी 'तलाव' हेच बटण दाबलं होतं."

"यंत्र चुकत नाही, बाई. बोट चुकतं. पुन्हा असं झालं तर माइक दुसऱ्याकडे जाईल आणि तुम्ही खाली कपाटांच्या किल्ल्या सांभाळाल."

त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं, म्हणून तिला जास्त लागलं. माइक हा तिचा जीव की प्राण. तिचा आवाज स्वच्छ, शब्द तोललेले. हरवलेल्या चपलेची घोषणासुद्धा ती अशी करते की ज्याची चप्पल हरवलेली नाही त्यालाही वाईट वाटावं.

पण मी सांगणार आहे ते तिच्या नवऱ्याबद्दल.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा तो चौथीत माझा विद्यार्थी होता. तेव्हापासून त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण कुणी काहीही सांगितलं की तो आधी "सावकाश, सावकाश" म्हणायचा. बाकीची मुलं कंपासपेटीवर नाव घालत. हा झाकणावर वेगळं आणि डब्यावर वेगळं घालायचा. मी विचारलं, "दोन्हीकडे कशाला रे?" तर म्हणाला, "बाई, झाकण पळवलं तर ते कुणाचं ते कसं कळणार?" आम्ही मास्तर मंडळी असल्या मुलांकडे बघून मनात म्हणतो, हा पुढे एकतर फार मोठा होणार किंवा घरच्यांना वात आणणार. त्याने दुसरं निवडलं.

आता तो पंचेचाळिशीला आला आहे. संगणकाच्या अगदी पोटात, ज्याला कर्नेल म्हणतात त्या भागात त्याचं काम चालतं. संगणकाला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग ते छपाईयंत्र असो की कॅमेरा, तिच्याशी बोलायला कर्नेलमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सावकाश असले ड्रायव्हर लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करतो. त्याच्या आईला कुणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर ती सांगते, "चालू असलेलं यंत्र उघडून बसतो." हे वर्णन मला फार नेमकं वाटतं.

त्या दिवशी घरी काय झालं ते मला त्याच्या आईनेच सांगितलं. आमच्या दोघींच्या गॅलऱ्या समोरासमोर आहेत.

सून जेवायला बसली. मग एकदम ताट सरकवून म्हणाली, "जगभरच्या यंत्रांची दुखणी बरी करतोस. माझ्या खोलीतल्या, स्पीकरला आवाज पाठवणाऱ्या त्या दोन डब्या कुणी सुचवल्या होत्या?"

"मी," सावकाश म्हणाला.

"एकसारख्या घे, म्हणजे कटकट नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच. पण थांब जरा. तू 'तलाव' दाबलंस आणि आवाज वर गेला? नक्की?"

"तूसुद्धा बोटावर आलास?"

"नाही गं! फार छान आहे हे." त्याचे डोळे चमकले होते.

"आई, बघा," सून म्हणाली, "माझी नोकरी चाललीय आणि ह्याला छान वाटतंय."

"त्याच्या बापालाही गळका नळ दिसला की असाच आनंद व्हायचा," आई म्हणाली. "तू जेव."

सुट्टीच्या दिवशी इमारत बंद असताना सावकाश काचेच्या खोलीत जाऊन बसला. टेबलावर संगणक, त्याच्या मागे दोन एकसारख्या डब्या. एका डबीतून तार खाली तलावाच्या स्पीकरला, दुसरीतून वर वाचनालयाच्या. पडद्यावर दोन बटणं. 'तलाव' हे बटण 'पहिल्या डबी'कडे आवाज पाठवायचं, 'वाचनालय' हे 'दुसऱ्या'कडे. सरळ कारभार. त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पहिली ती पहिली, दुसरी ती दुसरी. पुन्हा केलं, तेच. असं बऱ्याचदा केल्यावर एकदा, त्याला हवं होतं तेव्हा, पहिली झाली दुसरी आणि दुसरी झाली पहिली. खोलीत एकटाच असून त्याने टाळी वाजवली.

कारण त्याने मला समजावलं ते असं. "बाई, समजा तुम्ही वर्गात दोन जुळ्यांना हाक मारली आणि जो आधी 'हजर' म्हणेल त्याला पहिला नंबर दिला. बहुतेक वेळा तोच आधी बोलेल. पण एखाद्या दिवशी त्याच्या तोंडात घास असला, की दुसरा आधी बोलणार आणि पहिला नंबर घेऊन जाणार. हा ड्रायव्हर तसंच करतो. वीज जाऊन आली की दोन्ही डब्यांना एकदम हाक मारतो आणि आधी उत्तर देईल तिला पहिली म्हणतो."

"मग शहाण्याने नंबर बाकावरून द्यावा," मी म्हटलं. "कोण कुठे बसलंय त्यावरून."

"तेच करणार आहे," तो म्हणाला. डबी संगणकाच्या ज्या खाचेत लावली असेल, त्या खाचेवरून तिचा नंबर ठरवायचा. खालची खाच पहिली, वरची दुसरी. मग कुणीही आधी उत्तर देवो.

त्याने दुरुस्ती लिहिली. फार मोठी नव्हती, पण त्याचं 'सावकाश' आडवं आलं आणि वरची टीप लिहिण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. ह्या मंडळींची रीत अशी की कर्नेलच्या प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. तो कुठल्या तरी दूरच्या गावी बसलेला असतो. त्याला दुरुस्ती पाठवायची, त्याला पटली तर तो आत घेणार, मग ती जगभर जाणार. ह्या राखणदाराला सावकाशने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या चिडक्या पत्रांची कीर्ती ऐकली होती.

उत्तर आलं ते कीर्तीला साजेसं होतं. "नंबर बदलता येणार नाहीत. आजच्या नंबरांवर कुणीतरी कुठेतरी विसंबून असेल. चुकीचे असले तरी ते लोकांच्या अंगवळणी पडलेले आहेत. लोकांच्या पायाखालची जमीन आपण काढत नाही."

सावकाश सहसा रागावत नाही, पण त्या दिवशी रागावला. "विसंबून? अदलाबदल होणाऱ्या नंबरावर कोण विसंबून राहील? असा माणूस मला आणून दाखवावा!"

"मग आता?" बायकोने विचारलं.

"जगाचं जग बघेल. तुझ्या मशिनवर मी माझी दुरुस्ती घालतो."

घातलीही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी जाऊन घातली, आणि नीट तपासली. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू केला. नंबर ढिम्म हलले नाहीत. घरी येऊन म्हणाला, "आता वीज दहा वेळा जाऊ दे, डबी नाव बदलणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या. पाहुणी समिती आली होती. व्यवस्थापकांनी त्यांना आधी वाचनालय दाखवायला आणलं. नवी कपाटं दाखवली, शांततेबद्दल दोन शब्द बोलले. "इथे टाचणी पडली तरी ऐकू येते," असं ते म्हणत होते आणि वरचा स्पीकर खणखणला.

"तिसऱ्या गटातल्या सगळ्यांनी टोप्या घालाव्यात, नाकाला चिमटे लावावेत आणि उडी मारायला तयार राहावं."

समितीतल्या एका वयस्कर बाईंचा हात आपोआप नाकाकडे गेला. स्टेशनमास्तर माझ्या कानात म्हणाले, "आपला गट कितवा हो?" मी हसले नाही, कारण मला काचेच्या खोलीतली ती दिसत होती. ती अजून शांतपणे बोलत होती. आपला आवाज कुठे जातोय ह्याचा तिला पत्ताच नव्हता.

संध्याकाळपर्यंत तिच्या हातात माइकच्या जागी किल्ल्यांचा जुडगा आला.

त्या दिवशी गॅलरीत मला फार काही विचारावं लागलं नाही. त्यांच्या घरातलं सगळं आपोआप ऐकू येत होतं.

"पण नंबर बदललेच नाहीत!" सावकाश म्हणत होता. "मी दहा वेळा पाहिलं!"

"नंबर बदलला नाही हे पाहिलंस. त्या नंबरातून आवाज कुठे येतो हे पाहिलंस का?"



"नाही," तो म्हणाला. "स्पीकर बंद होते. सुट्टी होती."

"अरे देवा."

"पण 'पहिली' म्हणजे तलाव हे आधीपासून बरोबर होतं. सकाळी रोज बरोबर असायचं, हे तूच म्हणालीस. मग तलावाची डबी वरच्या खाचेत असताना ती पहिली कशी यायची?"

"मला काय विचारतोस? मी रोज सकाळी मशिन सुरू करते, डब्या काढते, फडकं मारते, परत लावते."

"काढतेस?"

"धूळ बसते तिथे. तलावाची आधी लावते, मग वाचनालयाची."

"तलावाची आधी का?"

"तिथे जीव असतात म्हणून! हाताला तसं वळण लागलंय."

 सगळा उलगडा झाला होता. चालू मशिनला जी डबी आधी लावावी, तिला जुना ड्रायव्हर पहिला नंबर द्यायचा. म्हणजे रोज सकाळी, फडकं मारता मारता, त्याची बायकोच नंबर सरळ करत होती. दिवसा वीज गेली तरच घोटाळा व्हायचा, त्या पहिल्या घोषणेच्या दिवशी झाला तसा. नव्या दुरुस्तीने तिच्या फडक्याची करामत संपली आणि तलाव कायमचा दुसरा झाला.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"तू विचारलंस कुठे? डबीला विचारत बसलास."

"तो राखणदार म्हणत होता," सावकाश हळूच म्हणाला, "की चुकीच्या नंबरावर कुणीतरी विसंबून असेलच. मी म्हटलं, असा माणूस आणून दाखवा."

"दाखवला की. स्वयंपाकघरात उभा आहे."

"तारा उलट लावा आणि मोकळे व्हा," आई म्हणाली.

"आपलं काम होईल, आई. पण अशा किती बायका असतील जगात? अशीच धूळ झाडणाऱ्या? माझी दुरुस्ती त्या सगळ्यांना किल्ल्या सांभाळायला पाठवेल."

दुसऱ्या दिवशी त्याने आपली दुरुस्ती काढून मशिन पूर्वीसारखं केलं आणि नव्याने लिहायला बसला. आता त्याने जुन्या नंबरांना हात लावला नाही. ते होते तसे राहिले, लहरी तर लहरी. फक्त प्रत्येक डबीला त्या नंबराशेजारी आणखी एक नाव मिळालं, तिच्या खाचेवरून ठरणारं आणि न बदलणारं. ज्याला जुन्याची सवय असेल त्याने जुनं वापरावं. ज्याला भरवसा हवा त्याने नवं.

इकडे माइक खुद्द व्यवस्थापकांनी हाती घेतला होता. त्यांच्या घोषणा ऐकण्यासारख्या असत. "सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की" इथून सुरुवात व्हायची, आणि पोहणारा अंग पुसून घरी पोहोचला तरी वाक्य संपायचं नाही. डब्यांची धूळ झाडण्याचा प्रश्न नव्हता. व्यवस्थापक फडक्याला हात लावत नाहीत. एका दुपारी वीज जाऊन आली आणि थोड्या वेळाने वाचनालयात आवाज घुमला, "सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, पाण्यात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुणे बंधनकारक आहे."

"रोज आंघोळ करूनच येतो हो मी," स्टेशनमास्तर स्पीकरकडे बघून म्हणाले.

ह्या वेळी ग्रंथपालांना रुमालाचीही आठवण झाली नाही. व्यवस्थापक जिन्यावरून खाली आले तेव्हा ती किल्ल्यांच्या खिडकीत उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बोट चुकलं का, साहेब?"

ते लालबुंद झाले. पण मोडतील पण वाकणार नाहीत अशी काही माणसं असतात. "चूक यंत्राची असेलही," ते म्हणाले. "पण ते कुणी जाणत्याने लेखी सांगायला हवं. तुमच्या नवऱ्याने सांगून चालणार नाही. तो घरचा."

म्हणून आता सगळं त्या दूरच्या राखणदारावर आलं. सावकाशने नवी दुरुस्ती मशिनवर घातली, दोन्ही बटणं नव्या नावांना जोडली, आणि ह्या वेळी बायकोला हाताशी घेऊन तपासलं. ती माइकवर, खाली पोहण्याचे मास्तर, वर मी. संगणक बंद करायचा, चालू करायचा, ती बोलणार, ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा. मास्तर पाण्यात उभे राहून हात वर करत होते. मधेच ती मुद्दाम डब्या काढून, फडकं मारून, उलटसुलट क्रमाने त्याच खाचांत लावायची. शेवटी मास्तर ओरडले, "वहिनी, सगळं बरोबर आहे, आता मला गारठा भरलाय!"

राखणदाराला पत्र गेलं. सावकाशने त्यात बायकोच्या फडक्याची हकीकत प्रामाणिकपणे लिहिली. तुमचं म्हणणं खरं होतं आणि असा माणूस माझ्याच घरात निघाला, हेही लिहिलं.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढे दिवस ती किल्ल्या देत आणि घेत होती, आणि घरी रोज विचारत होती, "आला का तुझा जमदग्नी?" एके दिवशी आला. "हे ठीक आहे. आत घेतो. पण तक्रार कुणी केली आणि तपासून कुणी पाहिलं ते खाली लिहिलेलं नाही. लिहून परत पाठवा. आणि फडकंवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. सोळा वर्षांत मला कुणाला पटवून देता आलं नव्हतं ते त्यांनी पटवलं."

ह्या लोकांची ही एक सुंदर रीत आहे. दुरुस्तीखाली लिहिणाऱ्याबरोबर तक्रार करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचंही नाव जातं, आणि ती दुरुस्ती जिथे जाईल तिथे ते नाव जातं. सावकाशने दोन्ही ओळींत बायकोचं नाव घातलं. तपासणाऱ्यांत खाली मास्तरांचंही घातलं.

"तक्रार करणारी म्हणून माझं नाव जगभर?" ती म्हणाली. "घरात नाव होतं तेवढं पुरे नव्हतं?"

"सन्मान असतो तो."

"आई, तुमच्या मुलाने मला जगात भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध केलं."

"उशीर केला," आई म्हणाली. "मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं." आणि दोघी इतक्या हसल्या की समोर मलाही हसू आवरेना.

तो कागद तिने व्यवस्थापकांपुढे ठेवला. दोष काय होता, कधी व्हायचा, वीज गेली की कसा उलटायचा, सगळं त्यात होतं, आणि खाली राखणदाराची सही. व्यवस्थापकांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"तपासणाऱ्यांत मास्तरांचं नाव आहे," ते म्हणाले. "एका अर्थी मीही तपासलंच होतं की."

"साहेब, तुम्ही दोष दाखवून दिलात. तपासलं आम्ही."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बोट चुकलं नव्हतं, बाई. माझं म्हणणं चुकलं." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. त्यांनी माइक तिच्यापुढे सरकवला, तिच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि घाईघाईने वर वाचनालयात निघून आले. येऊन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि पहिलं हाती लागलं ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

जरा वेळाने स्पीकर खुटखुटला. तोच स्वच्छ आवाज, तेच तोललेले शब्द.

"वाचनालयातल्या व्यवस्थापक साहेबांना नम्र विनंती. कपाटांच्या किल्ल्या आपल्या खिशात आहेत. पोहून आलेली मंडळी खाली ओल्या अंगाने उभी आहेत. कृपया सावकाश न येता लवकर यावं."

आम्ही सगळ्यांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं. ते हळूच खाली आलं. साहेबांनी खिसा चाचपला, उठले आणि दारापाशी जाऊन मागे वळले.

"हे खाली तलावावर ऐकू गेलं नसेल ना?" त्यांनी विचारलं.

"छे!" ग्रंथपाल म्हणाले. "आता नाही जात."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेले.